भिंतीवरचा परवाना कुठून येतो? डी.फार्म., बी.फार्म.च्या विद्यार्थ्यांसाठी कायद्याचा पाया

केळापूरची_फार्मासिस्ट (धागाकर्ती)

डी.फार्म.ला दुसऱ्या वर्षी 'फार्मसी लॉ अँड एथिक्स', बी.फार्म.ला पाचव्या सेमिस्टरला 'ज्युरिसप्रुडन्स', आणि आता डिप्लोमावाल्यांना एक्झिट परीक्षेतही हाच विषय. मुलं कलमांचे आकडे घोकतात, पेपर देतात, विसरतात. मग काउंटरवर ओळखीचा माणूस येऊन "दे ना वं बाई, मागच्या वेळी हेच तर दिलं होतं" म्हणतो, तेव्हा नाही का म्हणायचं ते त्यांना सांगता येत नाही. 'इन्स्पेक्टर येईल' एवढंच उत्तर असतं. म्हणून हा धागा. केळापूर, झरी, मारेगाव, वणीकडची मुलं डोळ्यापुढे ठेवून लिहिते आहे, बाकीच्यांनी भर घालावी.

माझा आग्रह एकच आहे. कलम पाठ करण्याआधी, ते लिहायचा अधिकार कुणाला आणि कुठून मिळाला ते बघा.

कुठल्याही मेडिकलच्या भिंतीकडे बघा. फॉर्म २० आणि फॉर्म २१ असे दोन परवाने लावलेले असतात. दर्शनी जागी लावणं ही त्या परवान्याचीच अट आहे. २१ नंबरचा शेड्यूल (म्हणजे नियमांना जोडलेली यादी) सी आणि सी(१) मधल्या मालासाठी, म्हणजे लसी, इन्सुलिन वगैरे. २० नंबरचा बाकीच्या औषधांसाठी. शेड्यूल एक्सचा माल, म्हणजे गुंगीची, सवय लावणारी काही औषधं, ठेवायचा तर २० एफ वेगळा. हे नमुने आले १९४५ च्या नियमांतून. ते नियम केंद्र सरकारने केले, पण मनाने नाही. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमाने तसा अधिकार दिला आणि डीटीएबी या तांत्रिक सल्लागार मंडळाला विचारायची अट घातली. अधिनियमाच्या वर संविधान. सातवी अनुसूची, समवर्ती सूची, नोंद १९: औषधे आणि विषे.

परिपत्रकाला नियम मोडता येत नाही, नियमाला अधिनियमाबाहेर जाता येत नाही, आणि अधिनियमाला संविधानाबाहेर. हे नुसतं पुस्तकात नाही. 'ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज' हा जाहिरातींचा कायदा १९५४ चा. त्यावर हमदर्द दवाखान्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला (एआयआर १९६०). आपापल्या मनाने औषध घ्यायला लावणाऱ्या जाहिरातींना भाषणस्वातंत्र्याचं संरक्षण नाही, असं न्यायालय म्हणालं. त्याच निकालात, ज्या रोगांवरच्या औषधांची जाहिरात करायला बंदी आहे त्या यादीत आणखी रोग घालायचा जो मोकळा अधिकार सरकारला दिला होता तो न्यायालयाने रद्द केला, कारण तो कशाच्या आधारावर वापरायचा हे कायद्यात सांगितलंच नव्हतं. विद्यार्थ्यांनी हा एक निकाल नीट वाचला तरी अर्धा विषय कळतो.

अहेरी_बीफार्म

ताई, एक शंका आहे. संविधान लागू झालं १९५० मध्ये. मग १९४० चा अधिनियम संविधानातून आला असं कसं म्हणायचं? आमच्या सरांना विचारलं तर म्हणाले परीक्षेत येत नाही.

केळापूरची_फार्मासिस्ट

फार चांगली शंका आहे, आणि परीक्षेत येवो न येवो, याचं उत्तर माहीत असायला हवं.

१९३५ च्या गव्हर्नमेंट ऑफ इंडिया ॲक्टप्रमाणे हा विषय प्रांतांचा होता. आपला भाग तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात, राजधानी नागपूर. पण औषध एका प्रांतात तयार होणार, दुसऱ्यात विकलं जाणार, आणि बाहेरून येणारा माल तर बंदरावरच उतरणार. त्या काळी भेसळीच्या आणि कमी कसाच्या औषधांचा सुळसुळाट होता, त्यात क्विनाइनही होतं. गडचिरोलीच्या मुलाला मलेरिया आणि क्विनाइन याचा अर्थ सांगायला नको. १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली गेली, १९३१ मध्ये तिचा अहवाल आला. देशभर एकच कायदा हवा होता, पण केंद्राला तो करायचा अधिकार नव्हता. म्हणून प्रांतांच्या कायदेमंडळांनी १९३५ च्या कायद्याच्या कलम १०३ खाली ठराव करून केंद्राला तशी मुभा दिली. १९४० च्या अधिनियमाच्या प्रास्ताविकेतच हे लिहिलेलं आहे, उघडून बघ.

पुढे संविधान आलं आणि अनुच्छेद ३७२ ने जुने कायदे चालू ठेवले. विषय समवर्ती सूचीत गेला. एफडीए (अन्न व औषध प्रशासन) राज्याची आणि कायदा केंद्राचा, हे कोडं यातूनच सुटतं. आयात आणि नवीन औषधांची मंजुरी सीडीएससीओ या केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेकडे. विक्रीचे परवाने आणि दुकानांची तपासणी राज्याकडे. उत्पादनाचे परवानेही मुख्यतः राज्यच देतं.

निवृत्त_निरीक्षक

ताईंनी पाया चांगला मांडला. मी आयुष्यभर याच खात्यात होतो, म्हणून थोडं पुढचं सांगतो.

विद्यार्थ्यांचा एक घोटाळा कायम होतो. दुकानाचा कायदा वेगळा आणि माणसाचा वेगळा. औषध आणि दुकान यांच्यासाठी १९४० चा अधिनियम, तो एफडीए राबवते. फार्मासिस्ट या माणसासाठी १९४८ चा फार्मसी अधिनियम, त्यासाठी दिल्लीला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया आणि मुंबईला महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिल. पहिला 'काय विकायचं, कुठून आणायचं, कसं ठेवायचं' सांगतो. दुसरा 'कोणाच्या हातून' ते सांगतो. दोन्ही एकत्र येतात १९४५ च्या नियमांतल्या नियम ६५(२) मध्ये: चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिलं पाहिजे. मूळ इंग्रजीत 'पर्सनल सुपरव्हिजन' असे शब्द आहेत. फोनवरची देखरेख त्यात बसत नाही.

वाशिमचा_डिप्लोमा

सर, मग सरळच विचारतो. माझं डी.फार्म. झालं, नोंदणी झाली. आमच्या गावाजवळ मोठ्या रस्त्यावर एक जण मेडिकल टाकून राहिला. तो म्हणते, सर्टिफिकेट दे, महिन्याचे महिन्याला पैसे घे, तुले यायची गरज नाही, नागपूरले नोकरी कर. घरी सोयाबीन यंदा हाती आलं नाही, बापावर सोसायटीचं कर्ज आहे. आमच्या बॅचमधल्या बऱ्याच पोरांनी असंच दिलं आहे. यात नेमकं काय होऊ शकते?

निवृत्त_निरीक्षक

बेटा, नीट वाच.

परवान्यावर फार्मासिस्ट म्हणून तुझं नाव असणार. तू नागपूरला असताना तिथं दहावी शिकलेला मुलगा शेड्यूल एचचं, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायचं, औषध देणार, म्हणजे नियम ६५(२) रोज मोडला जाणार. त्या मुलाने चिठ्ठीवरचं औषध देणं हा फार्मसी अधिनियमाच्या कलम ४२ खाली गुन्हा. २०२३ च्या जन विश्वास कायद्याने या कलमाची शिक्षा बदलली आहे: ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पूर्वी दंड हजार रुपयांचा होता, म्हणून जुने दुकानदार हलक्यात घेतात. परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो तो वेगळा. आणि तुझ्यापुरतं सगळ्यात मोठं म्हणजे कलम ३६. त्याखाली राज्य कौन्सिल चौकशी करून तुझं नाव नोंदवहीतून काढू शकते. मालक दुसरं सर्टिफिकेट शोधेल. तुला दुसरी पदविका कुठून आणायची?

राळेगाव_मेडिकल

सर, मान ठेवून बोलतो. कायदा बरोबर आहे, पण खेड्यात काय होते ते पण ऐका. माझं दुकान बाजाराच्या गावात आहे. फार्मासिस्टले पगार द्यायले मी तयार आहो. पोरं येतात, दोन महिने राहतात, मग नागपूर, पुणे. सकाळी आठ ते रात्री दहा दुकान, एक माणूस पुरत नाही, दोन परवडत नाही. बंद ठेवलं तर रात्री लेकरू तापलं की माणूस जाईन कुठं? दुकानदार सगळे चोर नाहीत.

निवृत्त_निरीक्षक

राळेगाव, तुमची अडचण खरी आहे आणि मी ती नाकारत नाही. पण मार्ग कायद्यातच आहे. फार्मासिस्ट जितके तास हजर, तितके तासच चिठ्ठीचं काम. दुकानाची वेळ कमी करा, पाटी लावा. नाहीतर घरातल्या एकाला डी.फार्म. करा. तालुक्याच्या कितीतरी दुकानांत आज मालकाची मुलगी किंवा सूनच नोंदणीकृत आहे आणि ती रोज काउंटरवर असते.

केळापूरची_फार्मासिस्ट

वाशिमच्या भावाला थोडं माझ्याकडूनही.

फार्मासिस्टचं काम म्हणजे पट्टी कापून देणं नाही. म्हातारीला रक्तदाबाची गोळी कुणी दुसऱ्याच नावाने दिली तर ओळखायचं तू. वाहनाने आलेला बापू सर्दीच्या औषधासोबत झोपेची गोळी मागतो तेव्हा विचारायचं तू. शेड्यूल एच किंवा एक्सच्या चिठ्ठीवर फार्मासिस्टने आपल्या मनाने दुसरा ब्रँड द्यायचा नाही असं नियम ६५(११ए) सांगतो, अगदी आतलं औषध तेच असलं तरी. दुकानात नसलेला माणूस यातलं काय करणार? सर्टिफिकेट दिलं की ही सगळी जबाबदारी तुझ्या नावावर राहते आणि हातात काहीच राहत नाही. कर्जाची गोष्ट मी हलकी करत नाही. तुला आमच्या बाजूला किंवा यवतमाळला प्रत्यक्ष उभं राहून करायची नोकरी हवी असेल तर मला व्यक्तिगत निरोप कर, मी विचारपूस करते.

कास्तकार_आर्णी

ताई, मी फार्मसीवाला नाही, कापूसवाला आहो. पण धागा वाचून राहिलो. एक सांगा. कृषी केंद्रात पण परवाना भिंतीवर असते, मेडिकलमध्ये पण असते. २०१७ ले आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं माणसं गेली. ते पण विषच होतं ना? मग त्यावर एफडीए काऊन आली नाही?

केळापूरची_फार्मासिस्ट

काका, तुमचा प्रश्न विद्यार्थ्यांच्या कामाचा आहे. फवारणीची औषधं १९६८ च्या कीटकनाशक अधिनियमाखाली येतात आणि तो कृषी विभाग राबवतो. आपण दोन्हीला 'औषध'च म्हणतो, पण १९४० च्या अधिनियमातली औषधाची व्याख्या माणसाच्या किंवा जनावराच्या रोगासाठीच्या वस्तूंची आहे. पिकाचा रोग त्यात नाही. (डास मारायचं घरगुती औषध मात्र येऊ शकतं, कारण माणसात रोग पसरवणाऱ्या किड्यांसाठीच्या वस्तू सरकारला अधिसूचनेने व्याख्येत घेता येतात.) कायदा लागू होतो की नाही हे कायम व्याख्येवरून ठरतं, म्हणून व्याख्यांचं कलम ३ आधी वाचायचं.

आणि दोन्हीकडे समान असलेलं एक सांगते. बीटी कपाशीच्या पाकिटाची कमाल किंमत २०१५ च्या कापूस बियाणे किंमत नियंत्रण आदेशाने ठरते. तो आदेश निघाला १९५५ च्या अत्यावश्यक वस्तू अधिनियमाखाली. पॅरासिटामॉलच्या किमतीवर लगाम घालणारा डीपीसीओ २०१३ (औषध किंमत नियंत्रण आदेश) हाही त्याच अधिनियमाखालचा, एनपीपीए ही संस्था तो बघते. तुमच्या बियाण्याच्या पाकिटाच्या आणि माझ्या काउंटरवरच्या स्ट्रिपच्या किमतीमागे एकच कायदा उभा आहे. कास्तकाराच्या घरच्या मुलांना डीपीसीओ शिकवताना मी इथूनच सुरुवात करते.

अहेरी_बीफार्म

हे भारी आहे ताई. अजून एक. आमच्या आतल्या गावांत मेडिकलच नाही. आशाताई पॅरासिटामॉल देतात, मलेरियाच्या गोळ्या देतात. किराणा दुकानात पण डोकेदुखीची गोळी मिळते. हे सगळं बेकायदा का?

मेळघाट_आरोग्यसेविका

याचं उत्तर मी देते, कारण आम्हाला हा प्रश्न कुणीही विचारतो. आम्ही धारणी भागात काम करतो.

बेकायदा नाही. १९४५ च्या नियमांतलं शेड्यूल के वाच. त्यात ज्यांना सूट आहे त्यांची यादी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्राचे बहुउद्देशीय कर्मचारी, एएनएम, अंगणवाडी सेविका, गावपातळीचे आरोग्य स्वयंसेवक यांनी सरकारी आरोग्य कार्यक्रमाखाली दिलेल्या औषधांना विक्री परवाना लागत नाही. कार्यक्रमाखाली हा शब्द महत्त्वाचा. आशाताईने स्वतः बाजारातून आणून विकलं तर सूट नाही.

किराण्याचं वेगळं आहे. ज्या गावाची लोकसंख्या १ हजारापेक्षा जास्त नाही आणि जिथं परवानाधारक दुकान नाही, तिथं ठराविक घरगुती औषधं विकता येतात: पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन, बाम, आम्लपित्ताची औषधं, ग्राइप वॉटर, एरंडेल तेल, टिंक्चर आयोडीन असं काही. माल परवानाधारक घाऊक विक्रेत्याकडून किंवा उत्पादकाकडूनच घेतलेला हवा, आणि त्यात शेड्यूल जी, एच, एक्समधलं काही नको. अँटिबायोटिक तर बिलकुल नाही. मोठ्या गावातल्या किराण्याला फॉर्म २०ए, २१ए चा मर्यादित परवाना घ्यावा लागतो.

अहेरी_बीफार्म

आणि डॉक्टर स्वतःच दवाखान्यात गोळ्या देतात ते?

मेळघाट_आरोग्यसेविका

तेही शेड्यूल केमध्येच. नोंदणीकृत डॉक्टरने स्वतःच्या रुग्णाला औषध दिलं तर चालतं, पण उघडं दुकान मांडून कुणालाही विकायचं नाही. फार्मसी अधिनियमाच्या कलम ४२ मध्येही स्वतःच्या रुग्णांपुरती तशीच सूट आहे.

रामटेक_पालक

विषय थोडा वेगळा, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याकडची लेकरं खोकल्याच्या सिरपने गेली. कितीतरी लेकरं नागपूरच्या दवाखान्यांत आणली होती. आमच्यापासून छिंदवाडा काय लांब आहे? तेव्हापासून घरात पातळ औषध आणायची भीती वाटते. इतके कायदे असून सिरपमध्ये विष येतंच कसं? आणि आमच्यासारख्यांनी काय करायचं?

निवृत्त_निरीक्षक

ताई, तुमची भीती योग्य आहे. विद्यार्थ्यांनी हा भाग सगळ्यात लक्ष देऊन वाचावा.

त्या सिरपच्या नमुन्यात डायएथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के निघालं. हे औद्योगिक द्रावक आहे, मूत्रपिंड निकामी करतं. अमेरिकेत १९३७ मध्ये सल्फानिलामाइडच्या सिरपमध्ये हेच होतं, शंभरावर माणसं मेली आणि १९३८ चा त्यांचा कायदा आला. आपल्या मुंबईत १९८६ मध्ये जे.जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमधून हेच गेलं आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली आणि एफडीएसकट सगळ्या यंत्रणेतला भ्रष्टाचार उघडा पाडला. मी खात्याचा माणूस असूनही सांगतो, तो अहवाल प्रत्येक निरीक्षकाने आणि प्रत्येक फार्मसी विद्यार्थ्याने वाचायला हवा. ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉलची प्रत्येक खेप वापरण्याआधी तपासायची, हा साधा नियम पाळला गेला नाही की असं होतं. नियम आहे. पाळणारा आणि तपासणारा माणूस त्या जागी लागतो.

आता तुम्ही काय करायचं. अधिनियमाचं कलम २६ तुमच्यासाठीच आहे. विकत घेतलेलं कुठलंही औषध, ठरलेली फी भरून, कोणताही नागरिक सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकतो आणि सही असलेला अहवाल मिळवू शकतो. अर्ज फॉर्म १४ए मध्ये. एफडीएची प्रयोगशाळा नागपूरला आहे. त्यासाठी बिल लागतं, म्हणून बिल मागा. बॅच नंबर नसलेलं बिल घेऊ नका.

विद्यार्थ्यांनो, निरीक्षक दुकानातून नमुना घेतो तेव्हाचं कलम २३ याच्या जोडीने वाचा. तो वाजवी किंमत देतो, फॉर्म १७ मध्ये लेखी कळवतो आणि नमुन्याचे ४ भाग करून सील करतो. एक दुकानदाराकडे, एक सरकारी विश्लेषकाकडे, एक न्यायालयासाठी, एक उत्पादकासाठी. हे चार भाग कशाला, तर प्रत्येक बाजूला आपलं म्हणणं तपासून घेता यावं. अहवाल मान्य नसेल तर २८ दिवसांत तसं कळवायचं असतं, नाहीतर तोच अंतिम पुरावा ठरतो. आणि दुकानदाराने माल परवानाधारकाकडून घेतला असेल, दोष त्याला माहीत नसेल आणि वाजवी काळजी घेऊनही कळण्यासारखा नसेल, आणि माल नीट ठेवला असेल, तर कलम १९(३) त्याला संरक्षण देतं. खरेदीचं बिल हाच तुमचा बचाव. बिलाशिवाय स्वस्तात मिळालेला माल घेतला की तो बचाव संपला.

अमरावती_वकील

एक भर घालतो, कारण अशा घटनेनंतर लोक थेट पोलीस ठाण्यात जातात. या अधिनियमाच्या चौथ्या प्रकरणातल्या गुन्ह्यांसाठी पोलिसांना एफआयआर नोंदवून तपास करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये युनियन ऑफ इंडिया विरुद्ध अशोक कुमार शर्मा या निकालात सांगितलं. कलम ३२ प्रमाणे निरीक्षक, अधिकृत राजपत्रित अधिकारी, पीडित व्यक्ती किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना न्यायालयात तक्रार करू शकतात. मृत्यू झाला असेल तर भारतीय न्याय संहितेखालचे गुन्हे पोलिसांकडे वेगळे नोंदवता येतात. १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी ही संहिता आहे, जुन्या गाइडमधली भादंविची कलमं परीक्षेत लिहू नका.

शिक्षेचं म्हणाल तर भेसळीच्या किंवा बनावट औषधाने मृत्यू झाल्यास कलम २७(ए) खाली किमान १० वर्षे ते जन्मठेप. आणि कलम १७, १७ए, १७बी यांतला फरक पाठ नको, समजून घ्या: लेबल खोटं की आत भेसळ की औषधच बनावट. कोर्टात सगळा खटला या फरकावर उभा राहतो.

वाशिमचा_डिप्लोमा

सगळं वाचलं. त्या माणसाले आज नाही सांगून टाकलं. ताई, निरोप पाठवला आहे. एक शेवटचं विचारतो, एच१ चं रजिस्टर प्रत्यक्षात कसं ठेवायचं? इंटर्नशिपमध्ये कोणी दाखवलंच नाही.

केळापूरची_फार्मासिस्ट

निरोप बघितला, संध्याकाळी फोन करते.

शेड्यूल एच१, म्हणजे चिठ्ठीवरच्या ज्या औषधांची वेगळी नोंद ठेवावीच लागते त्यांची यादी, २०१३ च्या अधिसूचनेने आली, १ मार्च २०१४ पासून लागू. तेव्हा ४६ औषधं होती: सेफिक्झिम, लेव्होफ्लॉक्सासिन, टीबीची औषधं, अल्प्राझोलाम, ट्रामाडॉल वगैरे. लेबलवर लाल चौकटीत इशारा असतो. रजिस्टर वेगळं हवं. औषध देतानाच डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि दिलेली संख्या लिहायची. रात्री आठवून भरायचं नाही. ३ वर्षं जपायचं, निरीक्षकाने मागितलं की दाखवायचं. मी तारीख आणि बिल नंबरचेही रकाने आखते, जुळवायला सोपं जातं. आणि टीबीचं औषध दिलं की तेवढ्यावर थांबू नकोस. २०१८ च्या राजपत्राप्रमाणे त्या रुग्णाची माहिती आरोग्य यंत्रणेला कळवणं फार्मासिस्टला बंधनकारक आहे.

ट्रामाडॉल २०१८ पासून एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यातही आहे. तो कायदा मोठा आहे, १९८५ चा. त्याच्यासाठी वेगळा धागा काढते. वकीलसाहेब, तिथे जप्ती आणि जामिनाचा भाग तुम्ही लिहाल का?

अमरावती_वकील

लिहितो. रविवारी.